तानापिहिनिपाजातला ‘ना’ : ऑरेंज, नारिंग आणि आपला संत्रा

शब्दवेडी (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एका शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात विशेषणं चालू होती. फळ्यावर ‘ॲन ऑरेंज फ्रॉक’ असं लिहिलं, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आधी फळाला ऑरेंज म्हणत होते का आधी रंगाला?"

मला उत्तर येत नव्हतं. १८ वर्षं हा शब्द शिकवते आहे आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. उद्या सांगते म्हटलं आणि रात्री शब्दकोश घेऊन बसले. हाती जे लागलं ते इतकं आपल्या घरातलं निघालं की इथे लिहिल्याशिवाय राहवेना.

फळ आधी. इंग्रजीत हा शब्द १४ व्या शतकात फळाचं नाव म्हणून रुळला, रंगासाठी वापरू लागले ते १६ व्या शतकाच्या सुरुवातीला. तोवर इंग्रजांकडे या रंगाला वेगळं नावच नव्हतं. जुन्या इंग्रजीत ‘पिवळा-लाल’ अशा जोडशब्दावर भागवत. त्यांच्या रॉबिन पक्ष्याची छाती चांगली नारिंगी असते, तरी त्याला ‘रेडब्रेस्ट’ म्हणतात, कारण पक्ष्याचं बारसं झालं तेव्हा रंगाचं व्हायचं होतं.

आता मूळ. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. तिथून मागे गेलं की इटालियनमध्ये ‘अरांचा’, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’, अरबीत ‘नारंज’, फारसीत ‘नारंग’ आणि शेवटी संस्कृतात ‘नारङ्ग’. आपलं नारिंग!

वाटेत कुठेतरी सुरुवातीचा ‘न’ गळाला. आणि मला शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ आठवलं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. इंग्रजी माध्यमाची मुलं त्या जागी ‘ओ’ म्हणतात, आपण ‘ना’ म्हणतो. युरोपात हरवलेला तो ‘न’ आपल्या इंद्रधनुष्यात जसाच्या तसा बसलेला आहे. रात्री दीड वाजता मी एकटीच हे मोठ्यानं म्हणून पाहिलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रंगाला आपण नारिंगी म्हणतो, मग फळाला ‘संत्रा’ का? आणि हा संत्रा शब्द आला कुठून?

---

बगीचावाला (काटोल)

राम राम ताई. वाचून लय बरं वाटलं. आमच्या घरात ३ पिढ्या संत्र्याचा बगीचा आहे, पण नारिंग हा शब्द मी फक्त पोरांच्या रंगपेटीवर वाचला. आमच्याकडं बोलण्यात संत्राच. एक असो का गाडीभर, संत्राच. पुण्याचे पाहुणे ‘संत्रं’ म्हणतात तं आमची पोट्टी त्यायच्याकडं पाहतच राहतात.

---

अजनी_चौक (नागपूर)

‘न’ कुठे गेला ते मी सांगतो. इंग्रजीत ‘अ नॉरेंज’ म्हणत होते. पटापट बोलताना ‘न’ आधीच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘ॲन ऑरेंज’ झालं. कॉलेजात आमच्या सरांनी शिकवलं होतं.

---

शब्दवेडी

अजनी_चौक, मीही अनेक वर्षं हेच समजत होते आणि वर्गात सांगितलंही आहे. पण तारखा पाहिल्यावर ते टिकत नाही. शब्द इंग्रजीत पोचला तेव्हाच ‘न’ गेलेला होता. ते घडलं इटालियन आणि फ्रेंचमध्ये. तिथेही ‘एक’ या अर्थाचा जो शब्द नामाआधी लागतो तो ‘न’वर संपतो, त्यामुळे दोन ‘न’ शेजारी आले आणि एक विरघळला. फ्रेंचमध्ये आणखी एक कारण घडलं असावं. ‘ओर’ म्हणजे सोनं. सोन्यासारखं दिसणारं फळ म्हणून सुरुवातीचा स्वर त्या शब्दाकडे ओढला गेला. पंडितांच्या लॅटिनमध्येही त्याचं ‘ऑरँटियम’ झालं, त्यात ‘ऑरम’ म्हणजे सोनं डोकावतंच. आंबट नारिंगाचं शास्त्रीय नाव आजही सिट्रस ऑरँटियम आहे.

तुमच्या सरांनी सांगितलेली गोष्ट इंग्रजीत खरोखर घडली आहे, फक्त दुसऱ्या शब्दांत. मेडिकलची मुलं घालतात तो ॲप्रन मूळचा ‘नॅप्रन’, नॅपकिनचा भाऊबंद. आणि जामठ्याच्या मैदानावर बोट वर करणारा अंपायर मूळचा ‘नंपायर’, म्हणजे दोघांच्या जोडीतला नसलेला, तिसरा. उलटंही झालंय. ‘निकनेम’मधला ‘न’ बाहेरून येऊन चिकटलेला आहे, मूळ शब्द ‘एकनेम’, म्हणजे जोडनाव.

---

अजनी_चौक

अंपायरचं माहीत नव्हतं. आज संध्याकाळी ग्राउंडवर सगळ्यांना सांगतो.

---

रामटेकची_वाट (नागपूर)

यात शोधायचं काय आहे? अमरकोशात फळाचं नाव दिलेलंच आहे, ‘ऐरावतो नागरङ्गो’. नागरंग! म्हणजे नागपूरचा रंग. हा शब्द आपल्या गावातूनच जगभर गेला. हे शाळेत शिकवलं पाहिजे.

---

जुनी_शुक्रवारी (नागपूर)

रामटेकची_वाट, अमरकोशातली ओळ बरोबर आहे आणि तुम्ही ती इथे दिलीत हे चांगलं केलं. पण नागपूरशी ती जोडता येत नाही. अमरकोश दीड हजार वर्षांच्या आसपासचा. नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहानं वसवलं १७०२ च्या सुमारास, आणि नाव पडलं नाग नदीवरून. संत्रा तर त्याहून उशिरा आला. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेकडून झाडं आणून इथे लावली, असं सांगितलं जातं. म्हणजे कोशात नागरंग लिहिलं गेलं तेव्हा इथे या नावाचं शहरही नव्हतं आणि हे फळही नव्हतं.

आपल्या गावाचा अभिमान मलाही आहे. माझं बालपण नागपूरच्या महाल भागात गेलं. म्हणूनच म्हणतो, वर्गात मुलांना खोटी जोडणी सांगू नये. पुढे कुणी तपासलं की खरी गोष्टही ती मुलं सोडून देतात.

---

रामटेकची_वाट

मान्य. उत्साहात लिहून गेलो. मग संस्कृत तरी मूळ मानायचं ना?

---

वेंबनाड (कोची, मूळ धरमपेठ)

इथे मला बोलायलाच हवं.

९ वर्षांपूर्वी कोचीत नोकरीला आले. पहिल्याच आठवड्यात हॉटेलात पाटीवर ‘नारंगावेळ्ळम’ वाचलं. वाटलं, वा, संत्र्याचा रस. आला तो लिंबूपाण्याचा ग्लास! मल्याळममध्ये ‘नारंगा’ म्हणजे लिंबाच्या घराण्यातलं फळ. ‘चेरुनारंगा’, म्हणजे छोटं नारंगा, ते आपलं लिंबू. ‘मधुरनारंगा’, गोड नारंगा, तो आपला संत्रा. तेलुगूत ‘नारिंज’ आहे. तमिळमध्ये ‘नारत्तै’ आहे, त्याचं मीठ घातलेलं लोणचं माझी शेजारीण दर उन्हाळ्यात देते. दक्षिणेत हा शब्द नुसता एका फळाला लावलेला नाही, त्याचं अख्खं कुटुंब आहे. त्यामुळे संस्कृतानं तो द्राविडी भाषांकडून घेतला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं. ‘नारंगा’च्या शेवटी ‘काय’ हा द्राविडी शब्द दडलाय असं मानतात. ‘काय’ म्हणजे फळ, विशेषतः न पिकलेलं. पहिला भाग काही जण ‘नरु’शी जोडतात. ‘नरु’ म्हणजे सुवासिक. वासाचं फळ!

याची जोडी पाहायची असेल तर आंबा घ्या. तमिळमध्ये ‘मांगाय’, मल्याळममध्ये ‘मांगा’. पोर्तुगीजांनी ते उचललं आणि इंग्रजीत ‘मँगो’ झालं. म्हणजे इंग्रजांच्या टेबलावरची दोन फळं आमच्या इथल्या परसातली नावं घेऊन गेली.

रामटेकची_वाट, संस्कृताचा वाटा यात कमी होत नाही. शब्द उत्तरेला, तिथून इराणात आणि पुढे जगात गेला तो संस्कृताच्याच हातून. पण हाताआधी झाड होतं, ते इथलं.

---

शब्दवेडी

वेंबनाड, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ‘मूळ संस्कृत’ असं लिहून मी थांबले होते. वर्गात आता एक पायरी पुढे जाऊन सांगेन.

---

कालव्याकाठी (लेडन, नेदरलँड्स)

मूळचा वर्धेचा, सध्या डच देशात. इथे तर नारिंगी रंगाशिवाय पान हलत नाही. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, त्या दिवशी सगळं शहर नारिंगी. फुटबॉलचा संघ ‘ओरान्ये’. पण फळाला विचाराल तर ‘सिनासआपल’, म्हणजे चीनचं सफरचंद! रंगाचं नाव एक आणि फळाचं दुसरं, अगदी आपल्या मराठीसारखं. जर्मनांचं ‘आपफेलझिने’ आणि रशियनांचं ‘अपेल्सिन’ही तेच चीनचं सफरचंद.

राजघराण्याचं ‘ऑरेंज’ हे नाव मुळात फळाचं नाहीच. दक्षिण फ्रान्समध्ये एक गाव आहे, त्याचं रोमन काळातलं नाव ‘अरौसिओ’. ते उच्चारात झिजत झिजत ओरांझ झालं आणि फळाच्या नावाशी जाऊन भिडलं. १५४४ साली त्या गावाची जहागीर नासाऊ घराण्यातल्या ११ वर्षांच्या विल्यमला वारशानं मिळाली. पुढे हाच डच स्वातंत्र्ययुद्धाचा नेता. नाव सारखं झालं म्हणून घराण्यानं रंग घेतला. आयर्लंडच्या झेंड्यातला नारिंगी पट्टा याच घराण्याच्या तिसऱ्या विल्यमच्या अनुयायांचा. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीलाही याच घराण्याचं नाव दिलं, तिच्या पाण्याच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. एकाच शब्दाच्या पोटात दोन वेगळी मुळं आहेत, एक आपल्याकडचं आणि एक त्या फ्रेंच गावाचं, आणि नदीकाठी उभं राहून ती वेगळी ओळखू येत नाहीत.

---

जुनी_शुक्रवारी

सुंदर माहिती. यात पोर्तुगालचीही बाजू आहे. युरोपात आधी पोचलं ते आंबट नारिंग, अरबांच्या हातून, सिसिली आणि स्पेनमध्ये. गोड जातीचा प्रसार नंतर पोर्तुगीजांनी केला. त्यामुळे अरबीत, फारसीत आंबटाला जुनंच ‘नारंज’ राहिलं आणि गोडाला चक्क देशाचं नाव मिळालं. अरबी ‘बुर्तुकाल’, फारसी ‘पोर्तेगाल’, तुर्की ‘पोर्ताकाल’, ग्रीक ‘पोर्तोकाली’. ज्यानं आणून दिलं त्याच्या नावानं फळ ओळखायचं, ही रीत आपलीही आहे. मोसंबी म्हणजे मोझांबिकची.

आता शब्दवेडींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. संत्रा हा शब्द पोर्तुगालमधल्या ‘सिंत्रा’ या गावावरून आला, असं नेहमी ऐकू येतं. लिस्बनजवळचं हे डोंगरातलं गाव. ऐकायला छान जुळतं, मलाही आवडायचं. पण बाबरानं आपल्या आठवणींमध्ये हिंदुस्थानातल्या फळांचं वर्णन करताना नारंजापासून वेगळं असं ‘संगतरा’ नावाचं फळ नोंदवलं आहे. बाबर वारला १५३० साली. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० ला. अवघ्या २० वर्षांत किनाऱ्यावरचं परकं नाव आग्र्यापर्यंत जाऊन तिथल्या बागांमध्ये रुळावं, हे मला जड जातं. संगतरा हा शब्द उत्तर भारतात आधीपासून होता आणि त्याचंच संतरा, संत्रा झालं, याकडे माझा कल आहे. सिंत्राची गोष्ट सांगायची तर बाबरासकट सांगावी.

---

धंतोलीची_आत्या (नागपूर)

मी एवढंच म्हणते की संत्र्याला यमकं भरपूर. मंत्र, तंत्र, यंत्र. इंग्रजीत ऑरेंजला यमक सापडत नाही म्हणून नातू रडकुंडीला आला होता, त्याला कविता करायची होती. मी म्हटलं, मराठीत कर.

---

लिंबूवर्गीय (नागपूर)

आत्या, ‘मंत्र’ म्हणालात म्हणून आलो. मी लिंबूवर्गीय फळांच्या क्षेत्रात काम करतो, अनेक दिवस हा धागा नुसता वाचत होतो.

नागपूरचा संत्रा शास्त्रीयदृष्ट्या ‘ऑरेंज’ नाही. तो मँडरिन आहे, सिट्रस रेटिक्युलाटा. साल सैल, बोटानं सुटते, फोडी अलगद वेगळ्या होतात. इंग्रजीत ज्याला स्वीट ऑरेंज म्हणतात, सिट्रस सायनेन्सिस, त्याची साल गराला घट्ट चिकटलेली असते. त्या गटातलं आपल्याकडचं फळ म्हणजे मोसंबी! म्हणून २०१४ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात ‘नागपूर ऑरेंज’ असं नाव असलं तरी संशोधनाच्या लिखाणात सगळीकडे ‘नागपूर मँडरिन’ लिहितात. स्वीट ऑरेंज हा मँडरिन आणि पपनस यांच्या संकरातून झालेला आहे, म्हणजे आपला संत्रा ऑरेंजच्या जवळच्या नात्यातला.

आता ‘मँडरिन’ शब्द पाहा. संस्कृत ‘मंत्रिन्’, त्यावरून मलाय ‘मेंतेरी’. पोर्तुगीजांनी मलायांकडून तो उचलून चीनच्या दरबारातल्या अधिकाऱ्यांना लावला, ‘मांदारिम’. त्यांच्या भाषेत ‘मांदार’ म्हणजे हुकूम करणे, त्यामुळे त्यांना तो आपलाच वाटला. अधिकाऱ्यांवरून त्यांची भाषा मँडरिन झाली आणि हे फळही. अधिकाऱ्यांच्या झग्याच्या रंगावरून फळाला नाव मिळालं असावं, असं म्हणतात. १८०५ साली ही झाडं चीनच्या कँटनहून इंग्लंडला गेली. त्याच फळाची मोरोक्कोतल्या टँजियर बंदरातून येणारी जात ‘टँजरिन’.

तेव्हा इंग्रजीत आपल्या फळाला ऑरेंज म्हणा नाही तर मँडरिन, एकात नारंग आहे आणि दुसऱ्यात मंत्री.

---

धंतोलीची_आत्या

मंत्री आणि संत्री! नातवाला यमक मिळालं.

---

बगीचावाला

लिंबूवर्गीय साहेबांनी सांगितलेलं आम्ही हातानं रोज करतो, पण असं कधी मनात आलं नाही. संत्र्याचं झाड बियेपासून लावत नाही कोणी. खाली खुंट जंबेरीचा, नाही तर रंगपूर लिंबाचा, अन् त्याच्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरायचा. पन्हेरीतून रोप आणताना मी आधी खुंट पाहतो, कारण डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, आला तं तो खालून येतो. जंबेरी म्हणजे एक आंबट लिंबू, संस्कृतातला जुना जंबीर. रंगपूर हे बांगलादेशातलं गाव. वरचा डोळा भोसल्यांच्या काळापासूनचा. आता तुमचं वाचून पाह्यलं तं बगिच्यातले शब्दही तसेच आहेत. ‘बहार’ फारसी. त्याला लागून ‘आंबिया’, आंब्याला मोहोर येतो तेव्हा फुलतो म्हणून, अन् ‘मृग’, नक्षत्रावरून. ‘आंबिया बहार’ म्हणताना आमचा बुवा दोन भाषा बोलत होता, त्याले कुठं माहीत.

एक सांगतो. झाडाला ताण देतो तेव्हा महिनाभर पाणी तोडतो, पानं मलूल पडतात, पाहवत नाही. मग पाणी सोडलं की १५-२० दिवसांत सगळा बगीचा पांढऱ्या फुलांनी भरतो, अन् वास असा सुटतो की रस्त्यावरचा माणूस गाडी थांबवतो. कोचीच्या ताईंनी ते वासाचं फळ म्हटलं ना, ते मला एकदम पटलं. ज्यानं नाव दिलं तो फुलोऱ्यात उभा असेल.

---

वेंबनाड

बगीचावाला दादा, हे वाचून धरमपेठेतलं घर आठवलं. बाबा डिसेंबरात पोतडीभर संत्रा आणायचे, आणि सालींचा वास दोन खोल्यांत भरायचा. इथे गोड नारंगा मिळतो, पण सोलताना तो वास येत नाही.

---

शब्दवेडी

आज वर्गात सांगितलं. फळ्यावर नकाशा काढला, केरळपासून निघून इराण, अरबस्तान, स्पेन, इटली, फ्रान्स, मग इंग्लंड, आणि प्रत्येक मुक्कामावर मुलांकडून शब्द म्हणवून घेतला. ‘नारांखा’पर्यंत ‘न’ होता, ‘अरांचा’ला गेला, तेव्हा ३-४ मुलं एकदम ओरडली, "मॅडम, इथं हरवला!" तेवढ्यात मधली सुट्टी झाली, तरी कुणी उठलं नाही.

जिनं प्रश्न विचारला होता तिनं वहीत तानापिहिनिपाजा लिहून ‘ना’ला गोल केला. मग मला म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं मेट्रोची ऑरेंज लाईन आहे ना, ती खरं म्हणजे नारिंग लाईन." घरी मोठ्या भावाला सांगणार आहे म्हणाली. तो रोज खापरीला जातो.

बाबराचं, सिंत्राचं दोन्ही सांगितलं. जुनी_शुक्रवारी, तुमच्या सांगण्याप्रमाणे कल कुठे आहे तेही सांगितलं आणि का ते मुलांनीच तारखांची वजाबाकी करून काढलं. मँडरिनला मात्र वेळ उरला नाही, तो सोमवारी.

---

बगीचावाला

ताई, पोट्ट्यांना घेऊन फेब्रुवारीत काटोलले या. तेव्हा मृगाचा तोडा चालू राहील अन् दुसऱ्या बाजूला आंबियाची फुलं असतील, दोन्ही एकाच वेळी पाहायला मिळते. कॅरेट भरताना पाहतील, डोळा कसा भरते ते मी दाखवतो. जंबेरीचं एक मोठं झाड बांधावर राखून ठेवलं आहे, त्याचं पान चुरगाळून प्रत्येकाच्या हातावर देईन. वर्गात किती जण आहेत तेवढं कळवा, जेवणाचं आमच्याकडं.